गुलामगिरीच्या विस्ताराचा वाद आणि अमेरिकेचं यादवी युद्ध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडण गुलामगिरीवरून होतं की तिच्या विस्तारावरून?

युद्ध गुलामगिरीमुळेच झालं, यात शंका नको. पण १८२० ते १८६० ही चाळीस वर्षं अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, जे भांडण धुमसत राहिलं, ते व्हर्जिनियातली किंवा जॉर्जियातली गुलामगिरी बंद करायची का, यावरून नव्हतं. जिथे ती आहे तिथे केंद्र सरकारने हात घालायचा नाही, हे उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडच्या बहुतेक पुढाऱ्यांना मान्य होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकनलाही मान्य होतं. भांडण होतं पश्चिमेकडच्या, अजून राज्यं न झालेल्या जमिनीवरून. दक्षिणेतल्या मळेवाल्याला तिथे आपले गुलाम घेऊन जाता येईल की नाही, एवढाच प्रश्न.

हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून बरेच जण तो ओलांडून थेट १८६१ मध्ये युद्ध सुरू करणाऱ्या तोफांपाशी येतात. माझ्या मते मात्र सगळं मर्म इथेच आहे. चहूबाजूंनी कोंडलेली गुलामगिरी हळूहळू संपेल, असं विस्ताराला विरोध करणाऱ्यांना वाटत होतं. मळेवाल्यांचाही अंदाज तोच होता. त्यामुळे जिथे एकही मळा नव्हता, अशा माळरानासाठी दोन्ही बाजू जिवावर उदार झाल्या.

दक्षिणेला नवी जमीन इतकी का हवी होती?

सुरुवात कापसापासून करावी लागते. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी वेगळी करायचं यंत्र आलं आणि आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. १८६० पर्यंत अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची होती. पण वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की जमिनीचा कस जातो. मळेवाले जॉर्जियातून अलाबामात, तिथून मिसिसिपीत, मग टेक्सासकडे सरकत राहिले.

दुसरी गोष्ट सांगताना आजही हात जड होतो. व्हर्जिनिया, मेरीलँड या जुन्या तंबाखूच्या राज्यांत कापूस फारसा नव्हता, पण गुलाम होते. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८ पासून बंदी आली, तेव्हा देशातल्या देशात माणसं विकण्याचा व्यापार फोफावला. यादवी युद्धाआधीच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख माणसांना अशा रीतीने जुन्या राज्यांतून कापसाच्या पट्ट्यात नेलं गेलं. कुणाला मालकाबरोबर जावं लागलं, कुणाला दलालाने साखळीला बांधून चालवत नेलं, कुणाला जहाजाने न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात उतरवलं. घरं मोडली, आयांपासून मुलं तुटली. नवा प्रदेश उघडला की या बाजारात भाव चढायचा. म्हणून ज्याचा स्वतःचा कापसाशी संबंध नव्हता, अशा व्हर्जिनियाच्या मालकालाही विस्तार हवा होता. १७९० मध्ये सात लाखांच्या आत असलेली गुलामांची संख्या १८६० च्या जनगणनेत साडेएकोणचाळीस लाखांवर गेली होती.

आणि तिसरं, सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह. राज्य लहान असो की मोठं, सिनेटमध्ये प्रत्येकाला दोनच जागा. दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, जागा लोकसंख्येवर ठरतात. तिथे पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची सवलत राज्यघटनेने दक्षिणेला दिली होती, तरी उत्तरेची वाढ तिला झेपेना. सिनेट हातचं गेलं तर पुढे कधीतरी कायदाच आपल्याविरुद्ध होईल, ही धास्ती होती. नवं राज्य म्हणजे दोन नवी मतं.

मिसुरीची तडजोड काय होती?

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. त्यातल्या मिसुरीने १८१९ मध्ये राज्याचा दर्जा मागितला. तेव्हा गुलामगिरीची राज्यं अकरा होती आणि मुक्त राज्यंही अकराच. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॅलमॅज यांनी अट घातली की मिसुरीत नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि तिथे जन्मणारी गुलामांची मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत. प्रतिनिधिगृहाने ती मान्य केली, सिनेटने फेटाळली. ही मतं पक्षांनुसार पडली नव्हती, उत्तर आणि दक्षिण अशी पडली होती.

१८२० मध्ये तोडगा निघाला. मिसुरी गुलामगिरीचं राज्य, त्याच्या जोडीला मेन मुक्त राज्य, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हाताऱ्या थॉमस जेफरसनने तेव्हाच एका पत्रात लिहिलं की हा प्रश्न रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखा आहे, त्याने मी घाबरून जागा झालो. स्वतः शेकडो गुलामांचा मालक असलेल्या माणसाला ही घंटा नीट ऐकू आली होती.

मग ती तडजोड मोडली कशी?

ती रेषा फक्त लुइझियानाच्या मुलखापुरती होती. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि दोन वर्षांनी कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा पट्टा अमेरिकेच्या हातात आला. मेक्सिकोने गुलामगिरी १८२९ मध्येच बंद केली होती. म्हणजे मुक्त जमीन जिंकून तिथे गुलामगिरी न्यायची का, असा प्रश्न उभा राहिला.

युद्ध सुरू असतानाच पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मॉट यांनी ठराव मांडला की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या कुठल्याही जमिनीवर गुलामगिरी नसेल. तो प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये अडकला, परत परत मांडला गेला. कायदा तो कधीच झाला नाही, पण त्याने दोन्ही मोठे पक्ष आतून चिरले. १८४८ मध्ये 'फ्री सॉइल' (मुक्त भूमी) नावाचा वेगळा पक्षच निघाला.

१८५० च्या तडजोडीने काय साधलं?

दहा वर्षं मिळाली. सोनं सापडल्यामुळे माणसांनी भरून गेलेल्या कॅलिफोर्नियाला मुक्त राज्य म्हणून घेतलं, न्यू मेक्सिको आणि युटामध्ये गुलामगिरीचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला, राजधानीतला गुलामांचा व्यापार बंद केला. सिनेटर हेन्री क्ले यांनी आराखडा मांडला आणि सिनेटर स्टीफन डग्लस यांनी त्याचे तुकडे करून एकेक पास करून घेतला. दक्षिणेचे सर्वात कडवे पुढारी जॉन कॅल्हून इतके आजारी होते की त्यांचं भाषण दुसऱ्या सिनेटरने वाचून दाखवलं. त्याच महिन्यात ते वारले.

या सगळ्याच्या बदल्यात दक्षिणेने एक कायदा पदरात पाडून घेतला, आणि माझ्या मते उत्तरेतल्या सामान्य माणसाचं मन कुठल्याही भाषणापेक्षा या कायद्याने जास्त फिरवलं.

फरारी गुलामांचा कायदा इतका संतापजनक का ठरला?

त्याची कलमं वाचली की कळतं. पकडलेल्या माणसाला ज्यूरीसमोर खटला नाही. स्वतःच्या बचावासाठी साक्ष द्यायची मुभा नाही. निकाल देणार केंद्राने नेमलेला कमिशनर, आणि त्याची फी अशी : माणसाला मालकाच्या ताब्यात दिलं तर दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. फरार माणसाला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय रस्त्यावरच्या कुणालाही पाठलागात सामील व्हायचा हुकूम देता येत असे.

अँथनी बर्न्सचं उदाहरण घ्या. व्हर्जिनियातून पळून तो बोस्टनमध्ये एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागला होता. भावाला लिहिलेल्या पत्रावरून मालकाला ठावठिकाणा लागला. २४ मे १८५४ च्या संध्याकाळी चोरीचा खोटा आळ घेऊन त्याला धरलं. दोन दिवसांनी लोकांनी न्यायालयाचं दार फोडायचा प्रयत्न केला. त्या झटापटीत एक पहारेकरी मेला. तरी निकाल मालकाच्या बाजूने लागला. २ जूनला सैनिकांच्या गराड्यात बर्न्सला बंदराकडे चालवत नेलं, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं उभी होती. इमारतींवर काळं कापड होतं आणि एके ठिकाणी रस्त्यावर आडवी शवपेटी टांगली होती, तिच्यावर लिहिलं होतं 'स्वातंत्र्य'. तोवर गुलामगिरी हा दूरवरच्या लोकांचा प्रश्न आहे असं समजणारे बोस्टनचे व्यापारी त्या आठवड्यात बदलले. पुढच्या वर्षी वर्गणी काढून बर्न्सला विकत घेऊन मुक्त केलं गेलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. हा प्रश्न काँग्रेसमधल्या पुढाऱ्यांनी पेटता ठेवला, असं म्हणणं अर्धवट आहे. गुलाम पळत होते, म्हणून कायदा करावा लागला, म्हणून उत्तरेला बाजू घ्यावी लागली.

कॅन्ससमध्ये काय घडलं?

बर्न्स तुरुंगात होता त्याच आठवड्यात, ३० मे १८५४ ला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेला रेल्वे न्यायची होती आणि त्यासाठी तो प्रदेश रीतसर वसवायला हवा होता. दक्षिणेची मतं मिळवण्यासाठी त्यांनी १८२० ची रेषा रद्द करून टाकली. गुलामगिरी हवी की नको, ते तिथल्या लोकांनीच मतदानाने ठरवावं, हे त्यांचं सूत्र.

ऐकायला ते लोकशाहीचं वाटतं. पण 'तिथले लोक' कोण, हे कायद्याने धड सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांच्या आयुष्याचा फैसला होणार होता त्यांना तर मतच नव्हतं. मार्च १८५५ च्या निवडणुकीत मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या सीमा ओलांडून आल्या. मतदार सुमारे २,९००, पडलेली मतं सहा हजारांच्या वर. अशा निवडणुकीतून आलेल्या विधिमंडळाने कायदा केला की या प्रदेशात गुलाम बाळगायचा हक्क नाही असं नुसतं बोलणं किंवा लिहिणं हाही गुन्हा, शिक्षा किमान दोन वर्षं सक्तमजुरी. मुक्त राज्यवाल्यांनी टोपेका इथे आपलं वेगळं सरकार थाटलं. एका प्रदेशात दोन सरकारं आणि दोन्हींकडे बंदुका.

मे १८५६ चे चार दिवस एका दमात वाचावेत असे आहेत. २१ तारखेला गुलामगिरीवाल्यांच्या जमावाने लॉरेन्स गाव लुटलं, छापखाने फोडले, हॉटेल जाळलं. २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या सभागृहात मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर आपल्या बाकावर लिहीत बसले होते. कॅन्ससवरच्या भाषणात त्यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या सिनेटर बटलर यांचा अपमान केला होता. बटलर यांचे नातलग असलेले प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स आले आणि त्यांनी समनर यांच्या डोक्यावर काठी मोडेपर्यंत प्रहार केले. बाक जमिनीला घट्ट ठोकलेला होता. त्यात पाय अडकलेल्या समनर यांना उठायला तो उखडावा लागला. पूर्णवेळ कामावर परतायला त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ लागला. मॅसॅच्युसेट्सने तोवर दुसरा सिनेटर निवडला नाही. आणि दक्षिणेतून ब्रूक्सना भेट म्हणून नव्या काठ्या आल्या. २४ च्या रात्री कॅन्ससमध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊन आणि त्याच्या साथीदारांनी पॉटावाटोमी ओढ्याकाठच्या गुलामगिरीवाल्या पाच जणांना घराबाहेर ओढून तलवारींनी मारलं.

अखेर कॅन्सस २९ जानेवारी १८६१ ला मुक्त राज्य झालं. तोवर ते राज्य ज्या संघराज्यात आलं, तेच फुटू लागलं होतं.

ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल काय लागला?

ड्रेड स्कॉट हा मिसुरीतल्या एका लष्करी डॉक्टरचा गुलाम. डॉक्टरच्या बदल्यांबरोबर तो काही वर्षं इलिनॉयमध्ये आणि पुढे फोर्ट स्नेलिंग या लष्करी ठाण्यावर राहिला होता. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला बंदी होती. फोर्ट स्नेलिंगलाच त्याचं हॅरिएटशी लग्न झालं. १८४६ मध्ये दोघांनी सेंट लुइसच्या न्यायालयात मुक्ततेसाठी दावे लावले. मिसुरीतच असे दावे पूर्वी जिंकले गेले होते, त्यामुळे मागणी काही जगावेगळी नव्हती. १८५० मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

६ मार्च १८५७ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी लिहिलं की काळे लोक अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, आणि राज्यघटना झाली तेव्हा त्यांना असे कोणतेच हक्क नव्हते ज्यांचा मान राखणं गोऱ्या माणसावर बंधनकारक असेल. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती कर्टिस यांनी दाखवून दिलं की त्या काळी पाच राज्यांत मुक्त काळे पुरुष मतदानसुद्धा करत होते. टॅनी यांचा इतिहासच चुकीचा होता.

टॅनी तिथेच थांबले नाहीत. गुलाम ही मालमत्ता आहे, म्हणून कुठल्याही प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला नाही, असंही त्यांनी ठरवलं. विस्तार रोखणं हेच ज्यांचं मुख्य धोरण, त्या रिपब्लिकन पक्षाचा पायाच घटनाबाह्य ठरला. डग्लस यांचं 'लोकांनी ठरवावं' हेही डळमळलं, कारण काँग्रेसला जो अधिकार नाही तो प्रदेशातल्या लोकांना कुठून येणार? मधला रस्ताच न्यायालयाने बंद करून टाकला.

त्याच वर्षी स्कॉट कुटुंबाला पूर्वीच्या मालकाच्या घराण्याने मुक्त केलं. ड्रेड स्कॉट पुढच्या वर्षी क्षयाने गेला.

उत्तरेकडच्या लोकांना काळ्यांबद्दल कळवळा होता का?

बहुतेकांना नव्हता, आणि हे लपवू नये. विल्मॉट यांनी स्वतःच सांगितलं होतं की आपल्याला नवी जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखायची आहे. इलिनॉयने १८५३ मध्ये काळ्यांना राज्यात येऊन राहायला बंदी केली. टोपेकाच्या मुक्त राज्यवाल्यांनीसुद्धा काळ्यांना प्रवेश नको असाच कौल दिला. गुलामांच्या फुकट श्रमाशी आपल्याला स्पर्धा नको, ही त्यांची मुख्य भावना.

पण समूळ उच्चाटन मागणारेही होते. विल्यम लॉइड गॅरिसन १८३१ पासून 'लिबरेटर' हे वृत्तपत्र चालवत होते. स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस (वरच्या सिनेटरशी यांचा संबंध नाही) गावोगाव बोलत होते. संख्येने ही माणसं थोडी, पण प्रश्न नीतीचा आहे हे त्यांनी कुणाला विसरू दिलं नाही.

दक्षिण 'राज्यांच्या हक्कां'साठी लढली, हे खरं आहे का?

नाही. फरारी गुलामांचा कायदा म्हणजे केंद्राने राज्यांच्या डोक्यावर बसवलेली सक्ती होती, आणि ती दक्षिणेने मागून घेतली. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला; १८५९ मध्ये टॅनी यांच्या न्यायालयाने विस्कॉन्सिनला गप्प केलं. तिथे राज्याचा हक्क सांगत होती ती उत्तर.

लिंकन निवडून आल्यावर संघराज्यातून फुटून निघताना दक्षिणेच्या राज्यांनी काय लिहिलं, तेच वाचावं. न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं जाऊही देत नाहीत, अशी दक्षिण कॅरोलायनाची तक्रार आहे. म्हणजे न्यूयॉर्कला स्वतःचा कायदा करायचा हक्क नको! मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे असं पहिल्या काही ओळींतच सांगून टाकलं. फुटलेल्या राज्यांनी मिळून केलेल्या नव्या घटनेने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण देणं सरकारवर बंधनकारक केलं.

जॉन ब्राऊनच्या हल्ल्याचा कितपत परिणाम झाला?

ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्राऊनने एकवीस साथीदारांसह व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीचं शस्त्रागार ताब्यात घेतलं. दोन दिवसांत रॉबर्ट ली यांच्या हाताखालच्या सैनिकांनी त्याला पकडलं, २ डिसेंबरला फाशी झाली. गुलामांचा उठाव घडवायचा बेत फसला, पण उत्तरेत काही ठिकाणी त्याच्यासाठी चर्चच्या घंटा वाजल्या, आणि त्या ऐकून दक्षिणेचा उत्तरेवरचा विश्वास पार उडाला.

लिंकन निवडून आल्याबरोबर राज्यं का फुटली?

१८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष याच प्रश्नावर दुभंगला आणि एकूण चार उमेदवार उभे राहिले. रिपब्लिकन पक्षाच्या लिंकन यांना सुमारे चाळीस टक्के मतं पडली, तीही जवळपास सगळी उत्तरेतून. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांना मत द्यायची सोयच नव्हती. तरी ते जिंकले. दक्षिणेच्या एकाही मताशिवाय राष्ट्राध्यक्ष होता येतो, हे मळेवाल्यांना त्या दिवशी कळलं. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना बाहेर पडली, आणि १ फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं. लिंकन यांनी तोवर शपथही घेतली नव्हती.

तडजोड शक्य नव्हती का?

केंटकीचे सिनेटर क्रिटेन्डन यांनी १८२० ची रेषा थेट पॅसिफिकपर्यंत न्यायचा प्रस्ताव आणला. त्यात 'पुढे मिळणारे' प्रदेशही होते. दक्षिणेचा डोळा क्यूबावर होता हे उघड असल्याने याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. लिंकन यांनी आपल्या लोकांना कळवलं की विस्ताराच्या बाबतीत कसलीही तडजोड मान्य करू नका. दुसरीकडे, असलेल्या राज्यांतल्या गुलामगिरीला कायमचं संरक्षण देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसने मंजूरही केली, आणि लिंकन यांनी तिला आडकाठी केली नाही. फुटलेली राज्यं तरीही परतली नाहीत. आहे त्या गुलामगिरीची हमी त्यांना पुरेशी नव्हती.

विस्ताराचा प्रश्न शेवटी कसा सुटला?

१२ एप्रिल १८६१ ला फुटलेल्या राज्यांनी केंद्राच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या, आणखी चार राज्यं फुटली. दक्षिणेचे बहुतेक सदस्य काँग्रेस सोडून गेल्यावर, १९ जून १८६२ ला, सर्व प्रदेशांतली गुलामगिरी एका साध्या कायद्याने बंद झाली. संपूर्ण देशातली बंदी मात्र तेराव्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १८६५ मध्ये आली. तोवर किमान सहा लाख सैनिक मेले होते.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आला का?

आला, दोन्ही अंगांनी. युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावाला गेले, कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचं नाव घरोघरी झालं. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेलं कर्ज मंदीत शेतकऱ्यांच्या गळ्याशी आलं. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

आणि १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थत्याग केला. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून मुक्त करावं, अशी आशा त्यांनी त्याच अर्पणपत्रिकेत लिहून ठेवली आहे.